पीएचडी साहित्यात करावी की भाषाविज्ञानात?

सावळी

नमस्कार मंडळी. मराठीत एमए होऊन मला तेरा वर्षं झाली, वय 36. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मग मुलगा लहान म्हणून तो विषय मागे पडला. आता तो आठवीत आहे आणि पीएचडी पुन्हा मनात घोळतेय.

गेल्या महिन्यात एका गाइडना, म्हणजे पीएचडीच्या मार्गदर्शकांना भेटले. त्यांनी आपुलकीने बसवून घेतलं आणि तीन शीर्षकं पुढे ठेवली. तिन्हींचा साचा एकच: अमक्या लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण, एक चिकित्सक अभ्यास. "यातलं एक घ्या, तीन वर्षांत हातावेगळं होईल," म्हणाले. घरी आले आणि चार दिवस त्या कागदाकडे बघवेना. ते लेखक मला आवडतात. पण त्यांच्याबद्दल मला काही विचारायचंच नाहीये.

मला विचारायचंय ते वेगळंच. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. आजोबांचं नाव तिने जन्मात घेतलं नाही. घरात 'हे', नाहीतर आमच्याशी बोलताना 'तुमचे आजोबा'. ओवीत मात्र 'हौशा' म्हणायची. एरवी हा शब्द तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही. जात्यावर बसलं की चालायचा, उठलं की नाही. हे का, हा प्रश्न माझ्या डोक्यात कॉलेजपासून आहे.

हे साहित्यात बसतं की भाषाविज्ञानात? मराठीत एमए असताना भाषाविज्ञानात जाता येतं का? नोकरी सांभाळून जमेल का? फेलोशिपचं काय? जाणकारांनी सांगावं.

दौतटाक

सावळीताई, आधी नियम सांगून टाकतो. मी पदव्युत्तर विभागात शिकवतो, सध्या माझ्याकडे चार संशोधक विद्यार्थी आहेत.

आता लागू आहे ती यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2022 ची नियमावली. एमएला 55 टक्के हवेत. राखीव प्रवर्ग, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग यांना पाच टक्के सवलत. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, फेरनोंदणी केली तर आणखी दोन. स्त्रियांना त्यावर अजून दोन मिळतात, म्हणजे तुमच्यासाठी शेवटची हद्द दहा वर्षं. अर्धवेळ पीएचडी चालते, पण तुमच्या संस्थेचं ना-हरकत पत्र लागेल. ते आधी हातात घ्या, तोंडी 'हो' वर विसंबू नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी मान्य नाही. कोणी तसं आमिष दाखवलं तर तिथून सरळ उठा. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं, त्यातही 55 टक्के लागतात, आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आणायची जी सक्ती होती, ती या नियमावलीत राहिलेली नाही. तरी आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश वाचून घ्या.

जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, वयाची अट 30, स्त्रियांना पाच वर्षं सवलत. म्हणजे ती संधी तुम्हाला आता नाही. नेटला तशी वयाची अट नाही. जून 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो आणि त्यातला तिसरा गट केवळ पीएचडी प्रवेशासाठी आहे. प्रवेशात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन, आणि हे गुण एक वर्षच चालतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या समाजगटांतल्या संशोधकांसाठी आहेत, पण पूर्ण पगार घेत असताना वर फेलोशिप मिळेल हे डोक्यातून काढा.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला लोक संकोचतात. गाइडच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते पहिल्याच भेटीत विचारा. तीन वर्षांहून कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. शिवाय प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात. जागा आहे का तेही विचारा.

तुमचा विषय माझ्या मते मराठी विभागातच यावा. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाची वाट घालून दिली आहे. भाषाविज्ञानात गेलात तर निम्मा वेळ परिभाषा शिकण्यात जाईल.

पाणवठा

मी पाच वर्षांनी पीएचडी सोडली. म्हणून लिहितोय.

मला विषय गाइडनी दिला होता. मी घेतला, कारण नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि दुसरा प्रश्नही जवळ नव्हता. पहिलं प्रकरण कवीचं चरित्र, दुसरं वाङ्मयप्रकाराची संकल्पना आणि इतिहास, तिसरं कालखंडाची पार्श्वभूमी. ही तीन प्रकरणं मराठीतल्या कुठल्याही प्रबंधाला जोडली तरी चालतील अशी होती. ती लिहिण्यात माझी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी समितीसमोर बाहेरून आलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "यातून तुम्हाला असं काय कळलं, जे आधी कोणाला माहीत नव्हतं?" माझ्यापुढे 180 पानं टाइप करून ठेवलेली होती आणि मी गप्प होतो. माझ्या वतीने गाइडच बोलले. त्या बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

त्या दिवसापासून मला प्रबंध उघडवेना. पुढचं वर्ष मी फक्त मुदतवाढीचे अर्ज करण्यात घालवलं.

सावळीताई, तुम्ही चार ओळींत आजीबद्दल जे लिहिलंत ना, तसं एक वाक्य मला पाच वर्षांत लिहिता आलं नाही. ते तीन शीर्षकांचे कागद परत करा. तुमच्याकडे प्रश्न आहे.

अनुस्वार

मी भाषाविज्ञानात चौथ्या वर्षाला आहे आणि माझंही एमए मराठीतच झालंय. त्यामुळे 'जाता येतं का' याचं उत्तर हो. दौतटाक सर म्हणतात तसं परिभाषेला वेळ जातो हे खरं. माझं पहिलं दीड वर्ष ध्वनिविज्ञान, रूपविज्ञान आणि वाक्यविज्ञान शिकण्यातच गेलं. पण तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. आपण लिपीच्या इतक्या सवयीचे झालेलो असतो की कानाने ऐकणं विसरतो. 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा. अक्षर एकच, आवाज दोन. हे मला एमए झाल्यावर कळलं.

कान कसा तयार होतो याचा एक प्रसंग सांगते. विदर्भात एका आजीबाईंकडे बसले होते, रेकॉर्डर चालू. मी डोळ्याकडे बोट दाखवून विचारलं, याला काय म्हणता? त्या स्पष्ट म्हणाल्या, "डोळा." मी वहीत लिहिलं. तेवढ्यात नातू डोळे चोळत आत आला. आजी माझ्याकडे पाठ करून त्याला म्हणाल्या, "डोये चोयू नको." 'ळ' च्या जागी 'य', वऱ्हाडीत जसा हवा तसा. माझ्यासाठी त्यांनी शाळेची मराठी काढली होती, नातवासाठी घरची. अभ्यासकासमोर माणूस अभ्यासकाला हवं तसं बोलतो, ही अडचण अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी मांडून ठेवली आहे. पण वाचणं वेगळं आणि ती पाठ फिरताना बघणं वेगळं. त्यानंतर मी 'याला काय म्हणता' हा प्रश्नच सोडला. आता छोट्या क्लिप दाखवते आणि काय घडलं ते सांगा म्हणते.

ताई, तुमच्यासाठी तीन ठिकाणं. एक, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गोळा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. दोन, डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचं बोलींचं सर्वेक्षण. त्याची ध्वनिमुद्रणं खुली आहेत. तीन, अ. मा. घाटगे यांच्या 1960 च्या दशकातल्या बोलींवरच्या पुस्तिका. त्याही मागे जायचं तर ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड, 1905 चा, पूर्ण मराठीवर आहे.

आणि एक प्रश्न विचारते, त्यावर विचार करून ठेवा. 'अहो' ही हाक आहे. 'हे' हा उल्लेख आहे. आजीचा 'हौशा' यातला कोणता?

मोडी_वाचक

अनुस्वार, तुमच्या 'डोये' ला जोडून माझं सांगतो. मी साहित्यातच पीएचडी केली, एका जुन्या ग्रामीण कादंबरीवर. विषय ठरला होता 'निवेदनशैली'. पाचवी आवृत्ती घरात होती, तिच्यावर खुणा करत होतो. एका पानावर शाई पसरून ओळ वाचेना, म्हणून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पहिली आवृत्ती काढली. ओळ सापडली, पण ती माझ्या प्रतीतल्यासारखी नव्हती. माझ्या प्रतीत 'मी सांगितलं होतं', पहिल्या आवृत्तीत 'म्या सांगितलं व्हतं'.

मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून पान पान ताडून पाहिलं. सात आठवडे लागले. मग मधल्या आवृत्त्याही बघितल्या. तिसऱ्या आवृत्तीत कोणीतरी पात्रांची बोली धुऊन काढली होती, तीही एकसारखी नाही. पुरुष पात्रांची जास्त, म्हाताऱ्या बायकांची कमी. लेखकाने केलं की संपादकाने, याचा पुरावा शोधण्यात पुढचं वर्ष गेलं. आणि समीक्षकांनी 'प्रमाणभाषेकडे झुकणारी शैली' म्हणून जे लिहिलं होतं, ते सगळं पाचव्या आवृत्तीवरून लिहिलं होतं! माझा प्रबंध बदलला तो त्या एका 'म्या' ने.

तेव्हा माझं सांगणं एवढंच की कुठल्या विभागात जायचं हे मागाहून ठरवा. आधी शब्द मुळात कसा होता ते बघा. कोणी लिहून घेतला, कोणी सुधारला, कधी छापला.

अनुस्वार

मोडी_वाचक, हे फार मोलाचं सांगितलंत. 'म्या' हा नुसता गावरान रंग नाही. प्रमाण मराठीत 'त्याने सांगितलं' असं म्हणतो, पण 'मी सांगितलं' इथे 'मी' ला 'ने' सारखं काहीच लागत नाही. जुन्या मराठीत लागायचं, ज्ञानेश्वरीत 'म्यां' आहे. म्हणजे संपादकाने बोली 'सुधारताना' सातशे वर्षांचा व्याकरणाचा पुरावा पुसून टाकला. तुमच्या साहित्याच्या प्रबंधात माझ्या विषयाचं एक प्रकरण आहे!

दौतटाक

दोघांचं वाचून माझं मत थोडं हललं, हे मोकळेपणाने सांगतो. विभागाचा आग्रह मागे घेतो. पण एक काळजी आहे, ती बोलून दाखवतो. समितीत बसणारे लोक 'ही तर भाषाविज्ञानाची सामग्री, साहित्यमूल्य कुठे?' असं विचारतात, आणि तिकडचे उलट विचारतात. मधल्या वाटेवरच्या विद्यार्थ्याला दोन्हीकडे जाब द्यावा लागतो. त्यासाठी सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातच, ठरवून लिहा की तुमची सामग्री कोणती, पद्धत कोणती आणि काय करणार नाही. 'काय करणार नाही' हा परिच्छेद माझे विद्यार्थी नेहमी वगळतात आणि पहिल्याच बैठकीत अडतात.

सहमार्गदर्शक घ्यायची सोयही आहे. एक मराठीचे, एक भाषाविज्ञानाचे, असं जमवता आलं तर उत्तम.

आधीचे प्रबंध शोधगंगावर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, बघून घ्या. पण मराठीतले कितीतरी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत, ते शब्द टाकून सापडत नाहीत. विद्यापीठांची नावं घेऊन एकेक यादी उघडावी लागते. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा. उतारे घेताना अवतरणचिन्ह आणि पानक्रमांक त्याच क्षणी टाका. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालतं, पुढे 40 पर्यंत गेलं तर दुरुस्तीसाठी परत येतं, 60 च्या वर नोंदणीच रद्द होते. मुद्दाम कोणी चोरत नाही, वहीत उतरवून ठेवलेला परिच्छेद दोन वर्षांनी स्वतःचा वाटायला लागतो.

रानवाट

मध्येच विचारते, क्षमस्व. हे सगळं करून नोकरी मिळते का? माझी धाकटी बहीण याच उंबरठ्यावर आहे, म्हणून.

दौतटाक

रानवाट, खरं उत्तर देतो. 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा राज्य पातळीवरची सेट अथवा स्लेट ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. म्हणजे बहिणीने आधी नेट किंवा सेट पार करावी. भरती वर्षानुवर्षं रखडते आणि तासिका तत्त्वावर राबणारी गुणी मुलं मी रोज बघतो. त्यांच्याकडे बघून जीव तुटतो. नोकरीच्या भरवशावर कोणालाही पीएचडीला ढकलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाषाविज्ञानात कोशकार्य, भाषा तंत्रज्ञान, बोलींचं दस्तऐवजीकरण अशा बाजूच्या वाटा थोड्या जास्त आहेत, पण तिथेही बहुतेक काम प्रकल्पापुरतं असतं.

पाणवठा

आणि तिला म्हणावं, सोडावीशी वाटली तर दुसऱ्या वर्षी सोड. पाचव्या वर्षी सोडणं फार जड जातं.

सावळी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, पण या काळात गप्प बसले नव्हते.

आत्याकडे जाऊन आले. तिने आजीच्या ओव्या एका शंभरपानी वहीत उतरवून ठेवल्यात हे मला माहीतच नव्हतं. 64 ओव्या आहेत. अनुस्वारताई, तुमचा प्रश्न डोक्यात ठेवून मी पेन्सिलने खुणा केल्या. 'हौशा' नऊ वेळा आहे आणि नऊच्या नऊ वेळा उल्लेख आहे. हाक एकदाही नाही! 'भ्रतार' दोनदा, तोही उल्लेखच. हाका आहेत त्या 'बाई', 'सये', आणि लेकाला 'राघू', लेकीला 'मैना'. म्हणजे नवऱ्याबद्दल ती बोलते, पण बोलते ते दुसऱ्या बाईला. त्याच्याशी बोलतच नाही. हे दिसलं तेव्हा मी वही मिटून अंगणात जाऊन उभी राहिले.

मोडी_वाचक, तुमचंही खरं ठरलं. मी आत्याला एक ओवी म्हणून दाखव म्हटलं, तर ती 'हवशा' म्हणाली. वहीत 'हौशा'. विचारलं तर म्हणाली, "अगं लिहिताना नीट लिहिलं." मग मी वही बाजूला ठेवली आणि सगळ्या ओव्या तिच्या तोंडून रेकॉर्ड केल्या. 64 पैकी 51 तिला चालीसकट आठवतात.

आणि अजून एक. आतोबा बाहेर ओसरीवर बसले होते. नवऱ्याच्या ओव्या आल्या की आत्या थांबायची, "ही नंतर," म्हणायची. मला वाटलं आठवत नसतील. आतोबा दुकानात गेले आणि तिने त्या सगळ्या ओळीने म्हटल्या, एकही शब्द न अडखळता. त्या आवाजात लाज नव्हती, उलट एक मोकळेपणा होता. पंचावन्न वर्षांच्या संसारानंतरसुद्धा तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही!

दौतटाक सर, ना-हरकत पत्रासाठी अर्ज दिलाय. त्या गाइडना भेटून तिन्ही शीर्षकं परत केली आणि माझा प्रश्न सांगितला. ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "माझी आईसुद्धा नाव घ्यायची नाही." त्यांनी स्वतःहून भाषाविज्ञानाच्या एका बाईंचा नंबर दिला, सहमार्गदर्शनाबद्दल विचारा म्हणून. नेटचा अर्जही भरतेय.

आता एकच अडलंय. रेकॉर्डिंगमधली ती थांबण्याची जागा, "ही नंतर" म्हणालेली, ती लिहून घेताना ठेवू की काढू? ओवीचा तो भाग नाही ना.

अनुस्वार

ताई, काढू नका! तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. इलान नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात आवाजाखाली हव्या तितक्या ओळी जोडता येतात. पहिल्या ओळीत आत्या जे म्हणाल्या ते अगदी तसं, 'हवशा' तर 'हवशा'. दुसरीत वहीतलं रूप. तिसरीत तो शब्द हाक आहे की उल्लेख, आणि कोणाला उद्देशून. चौथी ओळ 'कोण हजर' अशी ठेवा. तिथे आतोबा किती वाजता गेले ते लिहा, आणि परत कधी आले तेही.

पारीच्या संग्रहातली ध्वनिमुद्रणं ऐकताना ही चौथी ओळ तुम्हाला बहुधा भरता येणार नाही. म्हणून स्वतः जिथे बसाल तिथे ती कधीच रिकामी ठेवू नका. आणि आत्यांची परवानगी लेखी घ्या, रेकॉर्डिंग कोणाला ऐकवायचं आणि कोणाला नाही तेही त्यांनाच ठरवू द्या. आतोबांना ऐकवायचं नाही असं त्या म्हणाल्या, तर ते कलम पहिलं लिहा.

सावळी

विचारलं. तेच म्हणाली.